चुनाभट्टीचे रैट अण्णा

आम्ही ज्या वस्तीत राहायचो तिचं सरकारी नाव रैट अण्णांच्या तोंडून मी सहा वर्षांत एकदाही ऐकलं नाही. लाइटबिलावर ते नाव होतं, पाण्याच्या बिलावर होतं, कोपऱ्यावरच्या पाटीवर तर दोन लिप्यांत होतं. अण्णा ते वाचत, पण उच्चारत नसत. कुणी त्यांच्यासमोर 'विनायक नगर' म्हटलंच, तर चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "कुठलं? या बेंगळुरात गल्लीला एक विनायक नगर हाय. गणपती सगळ्यांचा असतो बाई, पत्ता एकट्याचा असावा लागतो."

मग आमच्या वस्तीला म्हणायचं तरी काय? कन्नड शेजारी 'सुण्णद गूडु' म्हणत आणि जुनी मराठी घरं 'चुनाभट्टी'. अर्थ एकच. के. आर. पुरमच्या पुढे, जिथे आता दोन उंच इमारती आणि एक जिम आहे, तिथे पूर्वी चुन्याच्या भट्ट्या होत्या. मी राहायला गेले तेव्हा भट्टीची वीटसुद्धा शिल्लक नव्हती. शिल्लक होतं ते नाव, बसथांब्यावरच्या पत्र्यावर आणि लोकांच्या तोंडी.

अण्णा शहराच्या बसवर तीसेक वर्षं कंडक्टर होते. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी त्यांचं बोलणं बसमधून उतरलं नव्हतं. बस सोडायची तर 'रैट, रैट' आणि थांबवायची तर 'होल्डान', या दोन शब्दांवर त्यांचा संसार चालायचा. त्यांच्या बायकोनं, म्हणजे सरसाक्कांनी, भात वाढायला घेतला की 'होल्डान' ऐकू येईपर्यंत वाढत राहायचं. जेवण आटोपलं, 'रैट'. पाहुणे निघाले, 'रैट'. फोन ठेवतानाही तेच. त्यांचं पाळण्यातलं नाव वस्तीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं.

त्यांचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर दख्खनमधून इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. अण्णांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझी फिरकी घेतोय. निम्मे शब्द कन्नड आणि उरलेले माझ्या पणजीच्या वेळचे. मी त्यांना हसले की ते मला हसत. "तुझं मराठी हाय का हिंदी, ते आधी ठरव," म्हणत. मला ते 'मगळे' म्हणून हाक मारत. कन्नडात मुलीला तसं म्हणतात. मी त्यांच्या घरी राहायला गेल्यावर दुसऱ्याच दिवशी ते सुरू झालं, परवानगीबिरवानगी न विचारता.

घर मिळालं त्याची गोष्ट सांगायलाच हवी. मी ठाण्याची, नोकरी इंदिरानगरला, आणि एकटी. एकटी बाई म्हटल्यावर घरमालकांची तोंडं कशी होतात ते मी आठ घरांत पाहून आले होते. लग्न का नाही, कोण कोण येणार, मासे खाता का, घरी किती वाजता येता. अण्णांनी एकच विचारलं, "हापिसाकडनं शेवटची बस कितीला?" मी सांगितलं. त्यांनी क्षणभर हिशेब केला. "मग ठीक हाय. स्टॉपवरनं आपलं घर दिसतं. रैट." एवढ्या मुलाखतीवर वरच्या मजल्याची किल्ली माझ्या हातात पडली. त्या संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं की घर मिळालं, चुनाभट्टीला. आई कडाडली, "अगं, चुनाभट्टी तर कुर्ल्याच्या पलीकडे! त्यासाठी बंगळूरला कशाला मरायला गेलीस?" हे अण्णांना सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "तुमच्या मुंबईत आमची भट्टी कुणी चोरून नेली गं?"

मला ऑफिसात उशीर झाला की अण्णा थांब्यावर उभे असत. माझ्यासाठी आलो असं कधी कबूल करत नसत. "हवा खातोय स्वल्प," म्हणत. बस आली की नव्या कंडक्टरला आधी धडा मिळे. नाव असं पुटपुटायचं नाही, शेवटच्या सीटवरच्या म्हातारीला जाग आली पाहिजे. आणि स्वतःच छाती भरून ओरडून दाखवत, "सुण्णद गूडु!" मला लाज वाटायची. परक्या शहरात आपल्यासाठी कुणी थांब्यावर उभं आहे याचं मोल मला तेव्हा कळत नव्हतं, असं नाही. कळत होतं, आणि तरीही पुढे मी जे केलं ते केलंच.

झालं असं की भट्टीच्या जागेवरच्या इमारतींत माणसं राहायला आली. पुण्याची, नागपूरची, दिल्लीची, सगळी माझ्यासारखी. त्यांना 'सुण्णद गूडु' उच्चारता येईना. मराठी मंडळींना 'चुनाभट्टी' म्हणायला आणखीच संकोच. माझ्या ऑफिसातलं एक टोळकं तर रोज विचारायचं, "काय मग, घरमालकानं लावला का चुना?" एकच विनोद तीन वर्षं ऐकला की माणूस विनोदावर नाही, पत्त्यावर चिडतो. वस्तीची एक संघटना झाली आणि मला अर्ज बरे लिहिता येतात म्हणून चिटणीस केलं. पहिल्याच बैठकीत ठरलं की थांब्याचं नाव बदलून घ्यायचं. मी अर्ज लिहिला. सदर थांब्याचे नाव अधिकृत नोंदीशी जुळत नसल्याने नागरिकांची गैरसोय होते, वगैरे. मुद्देसूद लिहिला, इंग्रजीत लिहिला आणि खाली झोकात सही ठोकली. लोकांचे अर्ज सरकारदरबारी वर्षानुवर्षं धूळ खात पडतात. माझा मेला चार महिन्यांत मंजूर झाला.

जुना पत्रा उतरवत होते तेव्हा अण्णा तिथेच उभे होते म्हणे. मी घरी आले तर ते जिन्यात बसलेले. जेवले नव्हते. मला वर जायला वाट देत त्यांनी विचारलं, "कुणी केलं असंल गं हे, मगळे?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "कुणास ठाऊक अण्णा. सरकारी काम." त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग "सरी" म्हणाले आणि आत गेले. सरी म्हणजे ठीक आहे. ते ठीक नव्हतं हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

नंतर बसमध्ये यंत्राचा आवाज आला. एक गोड बाई दर फेरीला कन्नडात आणि इंग्रजीत सांगू लागली की पुढचा थांबा विनायक नगर. जुने कंडक्टर तरीही सवयीनं 'सुण्णद गूडु' ओरडत. पण ते एकेक करून निवृत्त झाले आणि नव्यांना ओरडायचं कारणच उरलं नाही. अण्णा थांब्यावर जायचे कमी झाले.

आणि त्याच सुमारास ते विसरू लागले. एका संध्याकाळी शेवग्याच्या शेंगा घेऊन वर आले, अर्ध्या तासानं पुन्हा तेवढ्याच शेंगा घेऊन आले. मी दोन्ही वेळा घेतल्या. पुढे ताट पुसून उठल्यावर अक्कांना विचारू लागले, "मी जेवलो का गं?" डॉक्टरांनी सांगितलं, एकटं सोडू नका. अक्कांना ते पटलं नाही. "अगं माधवी, घरात बसले की यांचं डोकं फिरतंय. बसमध्ये बसले की ताळ्यावर येतंय. सुण्णद गूडु म्हणाले की घरी येतात, आणि काय पायजे?" दर मंगळवारी अण्णा बनशंकरीला मुलाकडे जात. परतताना मुलगा सुरेश त्यांना के. आर. पुरमच्या बसमध्ये बसवून देई. तिथे बस बदलायची की घर. इतकी वर्षं यात काही चुकलं नव्हतं. तिकडच्या गर्दीत एखादा ओळखीचा जुना कंडक्टर भेटायचा आणि हात धरून बसवून द्यायचा.

तरी खबरदारी म्हणून मी त्यांचं ज्येष्ठ नागरिकाचं ओळखपत्र काढून घ्यायचं ठरवलं. माझ्याच लॅपटॉपवर अर्ज भरला. अण्णा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. "पत्ता चुनाभट्टी लिव." मी म्हटलं, "अण्णा, हे यंत्र तसलं काही घेत नाही." मी लिहिलं, घर नंबर सतरा, दुसरा क्रॉस (आडव्या गल्लीला इकडे क्रॉस म्हणतात), विनायक नगर. पुढे 'दुसरा टप्पा' असं यायला हवं होतं, त्यावरूनच आमचं विनायक नगर ओळखू येई, पण रकान्यात अक्षरं मावेनात. मी ते दोन शब्द गाळले. इतका बारकावा बघतो कोण, असं तेव्हा मनात म्हटल्याचं मला लख्ख आठवतं.

कार्ड आलं, अण्णांच्या खिशात गेलं, आणि पुढचा मंगळवार उजाडला. साडेतीनला ऑफिसात अक्कांचा फोन आला. "माधवी, हे आले न्हाईत." सुरेशनं साडेअकराला बसमध्ये बसवलं होतं. एकपर्यंत घरी यायला हवं होतं. मोबाइल घरीच चार्जरला लावलेला. अक्कांचा आवाज शांत होता आणि त्यामुळेच मी घाबरले. मी बॅग उचलली आणि साहेबांना सांगायच्या आधी लिफ्टमध्ये होते. के. आर. पुरमपर्यंतच्या रिक्षात मला एकच गोष्ट दिसत होती. अण्णा एका बसच्या दारात उभे आहेत, थांब्याचं नाव सांगताहेत, आणि ते नाव आता कुठेच नाही.

थांब्यावर मी दिसेल त्या कंडक्टरला विचारत सुटले. पांढरा शर्ट, चष्मा, खांद्याला चामड्याच्या पट्ट्याची पिशवी. आमच्याच मार्गावरच्या एका तरुण कंडक्टरनं मान डोलावली. हो, अज्ज, म्हणजे आजोबा, आले होते. सुण्णद गूडु मागत होते. "अंथा स्टॉप इल्ला अज्जा, म्हटलं मी," तो म्हणाला. असला थांबा नाही. त्याला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. विनायक नगर का, असंही त्यानं विचारलं होतं. "ते म्हणाले, बेडा. नको. उतरून गेले." पुढच्या फेरीला तो परत आला तेव्हा अण्णा तिथेच होते. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर मिळालं. मी त्या कंडक्टरकडे बघत राहिले. अण्णांना घरी नेणारी बस दोनदा त्यांच्यापुढे उभी राहिली होती आणि दोनदा त्यांना न घेता गेली होती. ज्या नावापायी ती त्यांना न घेता गेली, ते नाव माझ्या सहीनं लागलं होतं. या पोराची काय चूक?

बसच्या वेळा लिहिणाऱ्या कंट्रोलरच्या खोलीत गेले. तो भला माणूस निघाला. त्यानं चार-पाच ठिकाणी फोन लावले आणि शेवटी एका वेगळ्याच मार्गावरचा कंडक्टर म्हणाला, हो हो, माझ्या बसमध्ये होते. आजोबांना घर सांगता येईना, म्हणून त्यानं खिशातलं कार्ड काढून वाचलं. विनायक नगर तर त्याच्या मार्गावरच होतं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यानं अण्णांना शेजारी बसवून नेलं, स्वतः खाली उतरून दुसरा क्रॉस दाखवला. पुण्याचं काम केल्याच्या आनंदात तो हे सांगत होता. केव्हा सोडलं, मी विचारलं. दुपारी, अडीच-पावणेतीनला. माझ्या घड्याळात पाच वाजून गेले होते.

सुरेशला पोलीस चौकीवर पाठवलं आणि मी रिक्षा पकडली. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठलं विनायक नगर, मॅडम?" मला त्या क्षणी रडूच आलं. रस्त्यात जी वाहनांची रांग लागली ती हलेचना. अण्णांनी सकाळच्या इडलीनंतर काही खाल्लं नव्हतं. अडीच तासांत म्हातारा माणूस चालत कुठल्या कुठे जाऊ शकतो, आणि तिथून मोठा रस्ता जवळ होता. अक्कांचा दर दहा मिनिटांनी फोन येत होता आणि मी दर वेळी "जवळ आले अक्का" म्हणत होते. तीन वेळा जवळ आल्यावर त्यांनी ओळखलं. म्हणाल्या, "खोटं सांगू नको गं. फोन धरून बस नुसती." मग आम्ही दोघी काही न बोलता फोन धरून बसलो.

त्या परक्या विनायक नगरात दुसऱ्या क्रॉसला वळले तेव्हा उजेड जायला लागला होता. एका घरापुढे दहा-बाराजण गोळा झाले होते. फाटकावर नंबर होता सतरा. पायरीवर अण्णा बसले होते. शर्टाचा खिसा फाटून लोंबत होता.

त्या घरची बाई कन्नडात मला भराभर सांगत होती आणि मला समजत होतं तेवढं पुरेसं होतं. दार उघडं होतं. हे आजोबा आले, चपला बाहेर नीट काढून ठेवल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. 'सरसा, सरसा' म्हणून हाक मारली. ती किंचाळली. शेजारचे धावले, कुणी तरी कॉलर धरली, ओढाताण झाली. मग अण्णांनी कार्ड काढून पुढे केलं. "सगळ्यांनी वाचलं," ती म्हणाली. "नंबर बरोबर, क्रॉस बरोबर, नगर बरोबर. आम्ही काय बोलणार?" तेव्हापासून ते त्या पायरीवर होते. तिनं आणून दिलेला चहा तसाच साय धरून बाजूला पडला होता. ते जाणाऱ्या-येणाऱ्याला एकच विचारत होते. माझं घर हेच, तर मग माझ्या बायकोला कुठं नेलं?

मी त्यांच्यापुढे खाली बसले. इतकी भीती मी कुणाच्या डोळ्यांत पाहिलेली नाही. वाट चुकलेल्या माणसाला निदान वाटतं की आपलं घर दुसरीकडे आहे. अण्णा घरी पोचले होते, आणि घरात त्यांचं कुणी नव्हतं. मी फोन त्यांच्या कानाला लावला. पलीकडून अक्का काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण अण्णांचे खांदे हळूहळू खाली आले. "हां," ते म्हणाले. "हां. येतो की. रैट." मग उठले, त्या बाईला हात जोडले आणि चपला घातल्या.

परतीच्या रिक्षात मी त्यांचा हात सोडला नाही. निम्मं अंतर गेल्यावर ते पूर्ण भानावर आले. मला ते त्यांच्या बसण्यावरून कळलं, ते पुढच्या सिग्नलची वाट बघू लागले होते. मला राहवेना. म्हटलं, "अण्णा, तो अर्ज मी लिहिला होता. पाटी बदलायचा. मी तुमच्याशी खोटं बोलले."

"ठाऊक हाय की," ते म्हणाले. "बसच्या हापिसात माझ्या जुन्या दोस्तानं दाखवली ती अर्जी. तुझी सही मी वळखतो. माझे सगळे फॉर्म कोण भरतंय?"

"मग बोलला का नाहीत? शिव्या द्यायच्या होत्या."

ते बाहेर पाहू लागले. "बोललो असतो तर तू लाजेनं घर सोडून गेली असतीस. एकट्या पोरीला या बेंगळुरात घर कोण देतंय, मगळे?"

मी तोंड फिरवलं. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि रेडिओ बंद केला. रिक्षा वस्तीत शिरली. अक्का थांब्यावर येऊन उभ्या होत्या, कधीच्या कोण जाणे.

महिन्याभरात सुरेश दोघांना बनशंकरीला घेऊन गेला. त्याचंही बरोबरच होतं. खालचा मजला बंद झाला. मी मात्र वरच राहिले. मी दुसरा अर्ज लिहिला, पहिल्यापेक्षा चांगला. सदर थांब्याचे पूर्वीचे नाव रहिवाशांच्या ओळखीचे असून ते पुन्हा द्यावे. या खेपेला कन्नडात लिहून घेतला, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. वर्षभरानं उत्तर आलं की नाव अधिकृत नोंदीप्रमाणेच असून ते रहिवाशांच्या मागणीवरूनच दिलेलं आहे. संदर्भ म्हणून खाली माझ्याच पहिल्या अर्जाचा क्रमांक होता. रागानं मी तो कागद चुरगाळला आणि नंतर पुन्हा सरळ करून फाइलला लावला.

आता मी कुणालाही पत्ता सांगताना 'सुण्णद गूडु' म्हणते. रिक्षावाले विचारतात, ते कुठे आलं? मराठी माणूस भेटला तर 'चुनाभट्टी' म्हणते आणि चुना लावायच्या विनोदाची वाट बघते. येतोच. संघटनेचं चिटणीसपण मी सोडलं. तिथे आता माझ्यापेक्षा चांगले अर्ज लिहिणारी माणसं आहेत.

अण्णा गेले त्याच्या तीन आठवडे आधी मी त्यांना शेवटची भेटले. सुरेशच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसवलं होतं. खूप बारीक झाले होते. अक्का त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "बघा, कोण आलंय." त्यांनी माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं, अदबीनं पाहिलं. 'मगळे' नाही, 'तू' नाही.

"कुठनं आलात?"

"चुनाभट्टीहून, अण्णा," मी म्हटलं. त्यांना उमगलं नाही असं वाटलं, म्हणून जरा मोठ्यानं पुन्हा सांगितलं, "सुण्णद गूडु."

त्यांनी मनापासून विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. ते एकेक थांबा मनातल्या मनात मोजत असावेत. मी आशेनं वाट बघत होते, हे लिहितानाही लाज वाटते. मग त्यांनी मान हलवली आणि एखाद्या गोंधळलेल्या बाईमाणसाला समजावावं तशा मऊ आवाजात म्हणाले, "अंथा स्टॉप इल्ला, बाई. तसला स्टॉप न्हाई. तुमाला कुणी तरी चुकीचं लिवून दिलंय."

अक्कांनी पदर तोंडाला लावला.

"हो अण्णा," मी म्हणाले. "मीच लिहिलं."